यादीतली रुक्माबाई

जळबाची पहिली बायको रुक्माबाई सदुसष्ट साली वारली, आणि त्यानंतर तिनं तीन वेळा मतदान केलं.

यात हसायचं काही कारण नाही. खैरवाडीत तरी कुणी हसलं नव्हतं. नरसीपासून दोन कोसांवरचं हे गाव, निम्मी घरं मेंढरंवाल्यांची. यांच्यात बायको वारलेल्या माणसानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक बांधतात. बोटाच्या पेराएवढा पत्रा आणि त्यावर ठोकलेली बाईची आकृती. तेव्हापासून ही तिच्या जागी. नवं लुगडं आलं तर आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. बांगड्या भरल्या तर पहिली बांगडी टाकाला टेकवायची. घरातला पहिला मान गेलेल्या बाईचा, आणि यात कुणाला वावगं वाटत नाही.

मग मताचा मान तिचा नको? एकाहत्तर साली मतदानाची यादी आली, तीत रुक्माबाई जळबा होती आणि केशरबाई जळबा नव्हती. घरात कुणाला ती चूक वाटलीच नाही. केशर तेव्हा बाविशीची, औंढ्याकडची पोर. सासूनं, म्हणजे सुभद्राबाईनं, तिला समजावून सांगितलं, "रुक्माबाई म्हणून पुकारा झाला की उठायचं, बोटाला शाई लावून घ्यायची, शिक्का मारायचा आन् घरी यायचं." केशरनं तसं केलं. इतकं मनापासून केलं, की पडद्यामागं गेल्यावर शिक्का आधी गळ्यातल्या टाकाला लावला आणि मग कागदावर मारला! टाकावर जांभळा डाग पडला, तो राखेनं घासूनही चार दिवस हटला नाही. पाणवठ्यावर बायका हसल्या त्या एवढ्याला. मेलेल्या बाईनं मत दिलं, याला नाही.

बहात्तरला तेच. सत्याहत्तरला तेच. केशरला काही खुपत नव्हतं, आणि मग खुपायला लागलं. त्याला जळबाची जीभ कारण झाली.

जळबा माणूस वाईट नव्हता. मेंढरामागं बारा वाटा फिरणारा, बायकोवर हात न टाकणारा, पण चार माणसांत बसला की जिभेला हाड नसलेला. सत्याहत्तरला वाडीनं ज्याला मतं दिली तो निवडून आला. चावडीपुढं गूळ वाटला. केशर गुळाचा खडा तोंडात टाकून म्हणाली, "बघा, माह्या मतानं आला का न्हाई!"

"तुहं मत कुठून आलं?" जळबा म्हणाला. "मत रुक्मीचं. तू तर नुसती हमाल."

सगळे हसले. केशरही हसली, तोंडात गूळ होता म्हणून. पण घरी आल्यावर तो गूळ तिला कडू लागला म्हणा ना. भाकरी थापता थापता ती विचार करत बसली. रेशन कार्डावर रुक्माबाई. मतदानाला रुक्माबाई. सरकारचा माणूस गुरं मोजायला आला होता, त्यानं एकूण एक मेंढी लिहून घेतली, लंगडीसुद्धा सोडली नाही. आणि आपण? दहा वर्षं या घराचं शेणपाणी केलं, दोन लेकरं दिली, आणि आपलं नाव कुठल्याच कागदाला माहीत नाही. तिला राग आला. रुक्माबाईचा नाही, तिचा बिचारीचा काय दोष! जळबाचाही म्हणावा तेवढा नाही. नुसताच राग आला, आणि तो जाईना.

ती जळबाला म्हणाली, "औंदा माहं नाव लावा यादीत."

"लावू की," जळबा म्हणाला. जळबाचं 'लावू की' म्हणजे काय, हे दहा वर्षं संसार केलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. यादी करायला मास्तर घरोघर फिरले तेव्हा केशर मेंढरं घेऊन कळमनुरीकडच्या शिवारात होती. दारात सुभद्राबाई. "घरात मालकीण एकच," ती म्हणाली, "आन् ती लिवलेली हाये." मास्तर पुढच्या घरी गेले.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत विधानसभेचं मतदान आलं. शाळेच्या एका खोलीत केंद्र. केंद्राध्यक्ष म्हणून कळमनुरीचे किशनराव खंदारे गुरुजी आले होते. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, आवाज कधी न चढवणारे. खंदाऱ्यांच्या घरात आंबेडकर जयंतीला जेवढी रांगोळी पडे तेवढीच मतदानाच्या दिवशी पडे. मताचं मोल त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून तर ते एकेका नावाला डोळ्यांत तेल घालून बसले होते.

टेबलाच्या बाजूला दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी यादीवर पेन्सिल धरून. एक ज्ञानबा, मेंढरंवाल्यांच्या बाजूचा. दुसरा रामकिशन, गावातला किराणा दुकानदार. मागच्या वर्षीपर्यंत हे दोघं एका बाकावर बसून एकाच पुडीतली तंबाखू खायचे. औंदा वर पक्ष फुटला, तसे खाली हेही फुटले. आणि मेंढरंवाल्यांची मतं ज्ञानबाच्या बाजूला जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

केशर बायकांच्या रांगेत उभी होती. मागं चार बायका सोडून सुभद्राबाई. केशरनं ठरवून काही ठरवलं नव्हतं. नेहमीसारखं मत द्यायचं आणि निवडणूक झाली की जळबाच्या मागं लागायचं, एवढंच मनात होतं.

कारकुनानं पुकारा केला, "एकशे सतरा! रुक्माबाई जळबा! वय चव्वेचाळीस!"

केशर पुढं झाली. वय चव्वेचाळीस ऐकून गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. पण उन्हात रापलेल्या बाईचं वय कोण सांगणार? ते काही बोलले नाहीत. बोलला रामकिशन.

"आक्षेप हाये!" त्यानं आक्षेपाचे दोन रुपये टेबलावर ठेवले. "ही रुक्माबाई न्हाई. रुक्माबाईच्या मातीला मी सोता गेल्तो."

"मंग मागच्या येळंला काहून गप बसलास?" ज्ञानबा उसळला. "तव्हा तुह्याच डोळ्यांपुढं मत दिलंय तिनं! तव्हा जित्ती व्हती व्हय रुक्मी?"

खिडकीशी गर्दी जमलेली, ती खदखदली. गुरुजींनी हात वर केला. गावचे पोलीस पाटील संपतराव बाहेर खुर्ची टाकून बसले होते, त्यांना आत बोलावलं. ओळख पटवायची ती गावच्या माणसानं, असा नियमच. संपतराव हा सगळ्यांशी गोड राहणारा माणूस. त्यांनी केशरकडं पाहिलं, रामकिशनकडं पाहिलं, आणि दारात उभ्या जळबाकडं पाहिलं. जळबाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"पाटील, ही बाई कोण?"

"जळबाची बायको, सायब. यादीतबी जळबाची बायकोच लिवलीय. बराबर हाये."

"नाव काय हिचं?"

"आता नाव म्हंजी..." संपतरावांनी टोपी काढून परत घातली. "यादीत हाये तेच की."

"व्हय व्हय, रुक्माबाईच!" खिडकीतून चार आवाज आले. जळबानं मान हलवली. अख्ख्या गावानं मिळून केशरला रुक्माबाई करून टाकलं, एका मिनिटात. कुणाच्या मनात पाप नव्हतं. बाईचं मत बुडू नये, जळबाला तकलीफ होऊ नये, आणि रामकिशनचं नाक थोडं खाली व्हावं, एवढंच.

गुरुजींनी एक कागद पुढं ओढला, त्यावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. "ऐका बाई. 'मी रुक्माबाई जळबा, यादीत नाव आहे ती मीच.' असं इथं लिहिलंय. खरं असेल तर अंगठा लावा, लगेच मतपत्रिका देतो. खोटं निघालं तर मला तुम्हाला पोलिसांच्या हवाली करावं लागेल. कायदा तसा आहे."

शाईची गादी पुढं आली. केशरनं अंगठा गादीवर दाबला, उचलला आणि कागदावर नेला. आणि तिथं तो थांबला.

आजवर तिला कुणी असं विचारलंच नव्हतं. पुकारा व्हायचा, ती उठायची. उठण्यात काय खोटं? कुणीतरी उठायचं म्हणून ती उठली. पण आता कागद म्हणत होता, मी रुक्माबाई. मी म्हणजे कोण? अंगठ्यावरच्या रेषांत शाई शिरली होती. विळ्यानं कापल्याची जुनी खूण मधोमध दिसत होती. हा अंगठा काही रुक्माबाईचा नव्हता. रुक्माबाईचा अंगठा अकरा वर्षांमागं मातीत गेला. हा लावला की संपलं. मग आपणच आपल्याला पुसलं, दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नाही. अंगठा लावला तर मत मिळत होतं, नाही लावला तर मतही जात होतं, नवराही तोंडघशी पडत होता.

तिनं हात मागं घेतला.

"न्हाई सायब. म्या केशर."

मग रामकिशन टाळी वाजवल्यासारखा हसला, आणि खिडकीत कुणीतरी कपाळावर हात मारून घेतला.

"केशर?" गुरुजी म्हणाले.

"केशरबाई जळबा. ती मेली, म्या तिच्या जागी आले. मागच्या टायमालाबी मीच आल्ते. त्याच्या मागच्या टायमालाबी..."

"मागचं मी काही ऐकलं नाही," गुरुजी घाईनं म्हणाले. त्यांनी तो कागद उलटा ठेवला. "बरं झालं बाई, आपण होऊन बोललात. तुम्ही मतपत्रिका घेतलेली नाही, म्हणजे गुन्हा झालेला नाही. पण केशरबाई हे नाव यादीत नाही. मत देता येणार नाही तुम्हाला."

"काहून?"

"नाव नाही म्हणून."

"आवो, मी हाये की! ही काय उभी हाये तुमच्यापुढं! जी मेली तिचं नाव ठिवलं तुमी, आन् जी जित्ती हाये तिला म्हनता न्हाई? सगळं गाव वळखतंय मला. इचारा कुणालाबी."

गुरुजींनी चष्मा काढला. ते रागावले नव्हते, पण बोलले ते केशरला चांगलंच लागलं. "गाव ओळखतं ना? पाच मिनिटांपूर्वी याच गावानं तुम्हाला रुक्माबाई म्हणून ओळखलं. पाटलांसकट. मी कुणाच्या ओळखण्यावर विश्वास ठेवू?"

संपतरावांनी परत टोपी काढली.

"आन् कागदाचं काय, सायब?" केशर म्हणाली. "गाव खोटं बोललं, मान्य हाये. पर कागद तर अकरा वर्सं खोटं बोलून ऱ्हायला. त्याला कुणी पोलिसात देईना."

गुरुजींनी मघाचा उलटा ठेवलेला कागद उचलला, त्यावर रेघ मारली, आणि हातानंच कारकुनाला पुढचं नाव घ्यायला सांगितलं.

बाहेर जळबा वाटच पाहत होता. "सगळ्या गावापुढं संपतरावाला खोटं पाडलंस! एक अंगठा उठवायला काय जात व्हतं तुहं?"

"नाव जात व्हतं."

"नाव तर नव्हतंच की!"

हे मात्र खरं होतं. केशरला रडू आलं आणि त्याचाच संताप आला. तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी घरी येत न्हाई," ती म्हणाली. "तो सायब मोकळा होईस्तोवर हितंच बसते. तुमी 'लावू की, लावू की' म्हनत बसा." आणि शाळेच्या ओट्यावर तिनं बसकण मारली. जळबा मेंढरांकडं निघून गेला.

येणाऱ्या-जाणाऱ्या बायका आधी तिच्या बोटाकडं बघायच्या, मग तोंडाकडं. सुभद्राबाई मत देऊन बाहेर आली, तिनं सुनेकडं पाहिलं, आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. 'चल घरी' म्हणाली नाही, 'चुकलीस' म्हणाली नाही. म्हातारी एरवी तोंडाची फटकळ.

दुपार टळली. पाच वाजता मतदान संपलं. पेटीला लाख लागली, सह्या झाल्या, ज्ञानबा आणि रामकिशन आपापल्या वाटेनं गेले. पेटी न्यायला हिंगोलीहून गाडी यायची होती, तिचा पत्ता नव्हता. गुरुजी चहाचा कप घेऊन बाहेर आले, तर ओट्यावर ती बाई अजून बसलेली.

"तुम्ही गेला नाहीत?"

"माहं नाव लिवा, मंग जाते."

गुरुजींना हसू आलं. ते तिथंच बसले. "हे काम माझं नाही बाई. पण अर्ज मी लिहून देतो, तो तुम्ही हिंगोलीला तहसिलात नेऊन द्या. बाजाराच्या दिवशी जाताच ना?" त्यांनी खिशातून पेन काढलं, मांडीवर वही घेतली, आणि थांबले. "अर्ज दोन करावे लागतील. आधी रुक्माबाईचं नाव काढण्याचा. यादीत जळबाची बायको एक आहेच, ती तशीच ठेवून दुसरी घातली तर तहसीलवाले अर्ज बाजूला टाकतील, आणि तो तिथंच पडून राहील. घरातल्या कुणीतरी लिहून द्यायचं, की ही बाई वारली. तुम्हीच द्या."

त्यांनी लिहिलं. चारच ओळी होत्या. सकाळचीच शाईची गादी आणली. केशरनं अंगठा गादीवर टेकवला, आणि दुसऱ्यांदा त्या दिवशी तिचा हात अडला.

सकाळी हे नाव तिला नको होतं. आता ते आपल्याच हातानं खोडायचं होतं. रुक्माबाईला तिनं पाहिलेलं नव्हतं, पण दहा वर्षं आधी तिला देऊन मग स्वतः नेसली होती, ल्याली होती. पितरांच्या पंधरवड्यात नवमीला तिच्यासाठी रांधलं होतं. सवत म्हणून कधी दातओठ खाल्ले नव्हते.

"हे माह्यानं व्हायचं न्हाई, सायब," ती म्हणाली. "मी सवत. सवतीनंच सवतीला काढलं, असं म्हनतील. आन् मलाबी तसंच वाटंल."

"मग तुमचं नाव लागायचं कठीण आहे."

"व्हय," केशर म्हणाली. ती अंगठा वर धरून तशीच बसली. दिवसभर जिच्यासाठी बसली होती ती गोष्ट हाताशी येऊन परत निघाली होती, आणि या खेपेला दोष द्यायला जळबाही नव्हता, कागदही नव्हता.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडून सुभद्राबाई उठली. गुडघ्यांवर हात देत आली आणि गुरुजींपुढं बसली.

"मी देते अंगठा. सून माही व्हती." तिनं सुनेकडं पाहिलं नाही. "सून मागून झाली. आधी माह्या भावाची लेक. माय मेली तव्हा हातभर व्हती, मी वाढवली तिला, मीच माह्या लेकाला केली. बाळतपनात लेकरू आन् ती, दोघंबी गेले एका दिसात."

"मग मास्तर यादी करायला आले, तेव्हा घरच्यांनी हिचं नाव का नाही सांगितलं?" गुरुजींनी विचारलं.

"मालकीण एकच, म्हनून मीच सांगितलं. जानूनच सांगितलं." म्हातारीनं पदर तोंडाशी धरला. "आता घरात तिचं नाव निघतंय ते नवमीला, न्हाई तर चेष्टेत. रुक्मीची हमाल, रुक्मीचं अमकं. पर मतदान आलं की सरकारचा मानूस सगळ्या गावापुढं मोठ्यानं पुकारा करतो, रुक्माबाई जळबा! 'बाई' म्हनतो. वय सांगतो, दर येळंला वाढवून. मला वाटायचं, कुठंतरी माही पोरगी मोठी व्हऊन ऱ्हायली. त्यासाठी मी हिचं नाव अडवलं. हिचं पाप केलं, मला काय कळत न्हाई व्हय?"

इतकी वर्षं तिला वाटत आलं, की म्हाताऱ्या बाईला कागदाची माहिती नाही. माहिती तर सगळ्यांत जास्त तिलाच होती. केशरला तिचा राग आला आणि त्याच घटकेला तिची माया आली. दोन्हीतलं काय आधी बोलावं, ते तिला ठरवता येईना.

सुभद्राबाईनं अंगठा गादीवर दाबला. मग थांबून म्हणाली, "गुरुजी, एक काम करता? काढायच्या आधी एकदा पुकारा करा. सकाळी त्या बाबूनं केला तसा."

गुरुजींनी वही बाजूला ठेवली. ते उठून उभे राहिले. आयुष्यात आवाज न चढवणारा तो माणूस, पण त्या रिकाम्या शाळेपुढं त्यांनी चांगला खणखणीत आवाज काढला.

"एकशे सतरा! रुक्माबाई जळबा! वय चव्वेचाळीस!"

केशर जागची हलली नाही. म्हातारी समोरच्या दाराकडं बघत होती, बराच वेळ. दारातून कुणी आलं नाही.

मग सुभद्राबाईनं वाकून कागदावर अंगठा लावला, सावकाश, नीट, पुसट उठू नये म्हणून दाबून.

"आता हिचं लिवा," ती म्हणाली.

गुरुजींनी दुसरा कागद घेतला. "केशर जळबा..." ते पुटपुटत लिहू लागले.

"केशर न्हाई," म्हातारी म्हणाली. "केशरबाई. बराबर लिवा."